केडगावची भाकरी

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं, की आपल्याकडे बोलणं लवकरच एका ठरावीक वळणावर येतं. त्यांनी धर्मांतर का केलं? या प्रश्नावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे आणि तो मला आज उकरून काढायचा नाही. मला दुसराच प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर ही बाई साडेअडतीस वर्षं जगली. बाप्तिस्मा हा एका दिवसाचा विधी. पुढच्या साडेअडतीस वर्षांत, रोज सकाळी उठल्यावर, त्या श्रद्धेचं त्यांनी केलं काय?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईनं मुलीला. घरची मालमत्ता संपल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरत राहिलं. पुढे दुष्काळ आला. पुराण सांगणाऱ्याला दक्षिणा देणारे हातच रिकामे झाले. होतं नव्हतं ते विकून झालं, मग रानातला पाला आणि फळं खाऊन दिवस काढले. काही महिन्यांच्या अंतरात वडील, आई आणि थोरली बहीण, तिघंही गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांतला एक प्रसंग रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवला आहे. तापानं फणफणलेल्या आईसाठी त्या शेजारच्या घरी भाकरी मागायला गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. घरातल्या बाईनं न मागताच ओळखलं आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. आईला मात्र ती खाववली नाही. स्मशान दूर होतं आणि खांदा द्यायला माणसं मिळत नव्हती. भाऊ श्रीनिवास आणि कसेबसे मिळालेले दोघं यांच्याबरोबर चौथ्या त्या. उंची कमी, म्हणून तिरडीची आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. त्या वेळी त्या सोळा वर्षांच्या होत्या.

त्यानंतर ही भावंडं हजारो मैल पायी हिंडली. उत्तरेकडच्या थंडीत पांघरूण नव्हतं, तेव्हा झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन रात्र काढली. १८७८ साली कलकत्त्यात पोचल्यावर पंडितांनी परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तो सन्मान आपल्याला ठाऊक असतो. त्याआधीचा तो वाळूचा खड्डा सहसा कोणी सांगत नाही.

कलकत्त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगतो. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्यानं गेले. पुण्यात आर्य महिला समाज काढून रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वैद्यकीच्या शिक्षणाचा बेत होता, पण ऐकू कमी येत असल्यानं तो राहिला.

वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम इथलं एक घर दाखवलं. समाजानं ‘वाया गेलेल्या’ ठरवलेल्या बायकांना तिथं आसरा होता. त्यांना हिडीस-फिडीस न करता मायेनं वागवणाऱ्या बायका रमाबाईंनी पाहिल्या आणि हे असं का, म्हणून विचारलं. तेव्हा एका जोगिणीनं त्यांना येशू आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. आपल्या शास्त्रांत अशा बाईला सुटका कुठे सांगितली आहे, हा प्रश्न त्यांच्या मनात आधीपासून होता. माझ्या मते त्यांच्या पुढच्या आयुष्याचं बीज तिथं पडलं.

मात्र नवा धर्म घेतला म्हणून त्यांनी मान तुकवली नाही. त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्यांनी नाकारलं आणि त्यावरून सिस्टर जेराल्डीन यांचं बोलणं ऐकून घेतलं. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असंही त्यांनी विचारलं. तरुण मुलग्यांना त्यांनी शिकवू नये असं बिशप मंडळींचं मत पडलं, तेव्हा त्यांनी पत्रातून खरपूस उत्तर दिलं. नम्रता म्हणजे गप्प बसणं असं समजणाऱ्यांनी ही पत्रं जरूर वाचावीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघालं, पुढल्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. या सदनात उच्चवर्णीय विधवा मुलींना त्यांचे रीतिरिवाज पाळण्याची मोकळीक होती. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये त्यावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण दार लावून प्रार्थना करा, हे सांगणंही रमाबाईंच्या स्वभावाला मानवणारं नव्हतं.

खरी कसोटी आली ती १८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात माणसं किड्यामुंग्यांसारखी मरत असल्याच्या बातम्या आल्या. हाताशी पैसा नव्हता, सदनाची घडी आधीच विस्कटलेली. तरी त्या निघाल्या. ज्यानं भूक सोसली आहे त्याला स्वस्थ बसता येत नाही, हे कारण त्यांनीच दिलं आहे. सरकारी अन्नछत्रं आणि कामाच्या छावण्या त्यांनी हिंडून पाहिल्या. एकट्या पडलेल्या तरुण मुली तिथं सुरक्षित नव्हत्या, त्यांना गोड बोलून पळवणारी माणसं आसपास टपलेली असत. अशा सुमारे तीनशे मुली-बायका त्यांनी आणल्या.

‘आणल्या’ हा शब्द सोपा आहे. त्या मुली हाडांचे सापळे झालेल्या, अंगभर फोड आणि उवा, दिसेल ते अन्न ओरबाडणाऱ्या, चोरून लपवणाऱ्या. त्यांना न्हाऊ-माखू घालणं, जखमा धुणं, भुकेल्या पोटाला सोसेल इतकंच भरवणं, हे काम रमाबाईंबरोबर कोणी केलं? सदनातल्या त्याच विधवा मुलींनी. काल-परवापर्यंत ज्यांचं सोवळं जपलं जात होतं, त्या आता कोणत्या जातीची हे न विचारता पोरींची घाण काढू लागल्या. ‘सेवा’ हा शब्द आपण सभा-समारंभांत फार स्वस्त केला आहे, म्हणून तो मी इथं वापरत नाही.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि एवढी माणसं शहरात ठेवणं अशक्य झालं. सदनाला उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला फळबागेसाठी जमीन घेतलेली होती. त्या माळावर तंबू आणि गवती झोपड्या उभ्या राहिल्या. हेच ‘मुक्ती’. तेवढ्यात प्लेगच्या इस्पितळात आणि छावण्यांत बायकांचे होणारे हाल पाहून रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ला पत्र लिहिलं. मुंबई सरकारला ते झोंबलं. राज्यकर्त्यांच्या धर्माची बाई राज्यकर्त्यांनाच जाब विचारते, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. इकडच्यांना त्या साहेबाच्या वाटत, साहेबाला त्या डोईजड वाटत.

१९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या तोंडांना रोज दोन वेळा घालायचं. शेती, गुरं, तेलाचा घाणा, विणकाम, छापखाना, धोबीकाम, सगळं बायकांनी शिकून चालवलं. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली. आणि फुलहॅमला पाहिलं होतं तसं एक घर, ‘कृपा सदन’, इथंही उभं राहिलं. १९०५ मध्ये मुक्तीत जे मोठं धार्मिक जागरण झालं, रात्र-रात्र प्रार्थना चालल्या, त्याबद्दल ख्रिस्ती जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. ज्यांना ते भावतं त्यांनी ते वाचावं. मला स्वतःला तेलाचा घाणा जवळचा वाटतो.

आता शेवटच्या कामाविषयी. बायबलची मराठी भाषांतरं उपलब्ध होती, पण खेड्यातल्या बाईला ती समजत नाहीत, संस्कृत शब्दांनी ती जड झाली आहेत, असं रमाबाईंचं मत झालं. मग त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांशी झटून संपूर्ण बायबल साध्या मराठीत नव्यानं आणायचं ठरवलं. जिनं संस्कृताच्या बळावर कलकत्त्याच्या पंडितांना चकित केलं, तिनं म्हातारपणी एक-एक संस्कृत शब्द वेचून बाजूला काढला, का, तर दळण दळणाऱ्या बाईला अडू नये. हे भाषांतर वाचताना काही ठिकाणी वाक्यं ओबडधोबड लागतात, हे खरं आहे. पण आपली सर्वांत मोठी मिळकत अशी बाजूला ठेवणारे विद्वान आपल्याकडे किती निघाले?

काम पंधराएक वर्षं चाललं. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. पुढचा सगळा कारभार ज्या लेकीवर सोपवायचा होता तीच गेली. रमाबाईंनी मुद्रितं तपासणं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडलं.