होर्वात : एका आडनांवाची हकीकत

पुण्यांत राहणाऱ्या माणसाला पुण्यांतच ‘पुणेकर’ म्हणण्याचें कारण पडत नाहीं. तो पुणें सोडून दुसऱ्या गांवीं गेला म्हणजे तेथील लोक त्याला त्या नांवानें ओळखूं लागतात. हंगेरींतील ‘होर्वात’ या आडनांवाचा उगम असाच आहे. फरक इतकाच कीं, येथें गांवाऐवजीं एक सबंध देश आहे. होर्वात म्हणजे क्रोएशियाचा माणूस.

हंगेरियन लोक आडनांव आधीं व स्वतःचें नांव मागून लिहितात. त्यांच्यांतील अतिशय प्रचलित अशा पांच आडनांवांत नॉद्य म्हणजे मोठा, कोवाच म्हणजे लोहार आणि सॉबो म्हणजे शिंपी. तोत हें स्लाव्ह लोकांना, विशेषतः स्लोव्हाकांना, हंगेरियनांनीं दिलेलें जुनें नांव. आणि पांचवें होर्वात. हें शेवटचें आडनांव लावणारीं माणसें आजच्या हंगेरींत दोन लाखांच्या आसपास आहेत. म्हणजे, हंगेरियन समाज ज्या आडनांवांनीं सहज ओळखूं येतो, त्यांतील दोन परकीयांचीं निदर्शक आहेत!

हे क्रोएट इतक्या संख्येनें आले कसे? 1102 पासून 1918 पर्यंत दोन्ही देशांचा मुकुट बहुतेक काळ एकच होता, त्यामुळें सरदार, शिपाई व कारागीर यांची येजा सुरूच असे. परंतु मोठा लोंढा आला तो तुर्कांच्या स्वाऱ्यांमुळें. 1526 सालीं मोहाचच्या लढाईंतून पळून जातांना हंगेरीचा राजा दुसरा लायोश मरण पावला. 1541 त बुडा शहर तुर्कांच्या हातीं पडलें. क्रोएशियांतील हजारों कुटुंबें उत्तरेकडे निघालीं. पश्चिम हंगेरींतील जमीनदारांनीं ओस पडलेल्या गांवीं त्यांना वसविलें, आणि शेजाऱ्यांनीं त्यांना होर्वात म्हटलें. पुढें भाषा बदलली, पोशाख बदलला, नांव मात्र राहिलें.

आश्चर्य असें कीं, प्रत्यक्ष क्रोएशियांतहि ‘होर्वात’ हेंच सर्वांत प्रचलित आडनांव आहे. त्याचेंहि कारण तेंच. तुर्कांपुढें हटत दक्षिणेकडील लोक उत्तरेस, त्या काळीं स्लाव्होनिया म्हणविणाऱ्या प्रांतांत, येऊन राहिले, आणि तेथील रहिवाशांनीं त्यांना या नांवानें वेगळें ओळखलें. स्लोव्हाकियांतहि हें आडनांव अग्रभागीं आहे. तेव्हां नकाशावर हें नांव जेथें दाट दिसतें, तेथें निर्वासितांची एक वाट गेली असें समजण्यास हरकत नाहीं.

1921 सालीं पश्चिम हंगेरीचा कांहीं भाग ऑस्ट्रियाकडे जाऊन त्याचा बुर्गेनलांड प्रांत झाला. तेथें हें आडनांव क्रोएटांत आहे, तसेंच रोमा लोकांतहि आहे. 1941 च्या नोव्हेंबरांत नाझींनीं ऑस्ट्रियांतील सुमारें 5000 रोमा, बहुतेक याच प्रांतांतील, पोलंडांतील वूच शहरीं नेले. त्यांतील एकहि परत आला नाहीं. पुढें 1995 च्या फेब्रुवारींत ओबरवार्ट गांवाबाहेर एक फलक लावलेला आढळला. त्यावर रोमांनीं हिंदुस्थानांत परत जावें, असें लिहिलें होतें. तो काढावयास गेलेले चार तरुण त्याखालील बाँबच्या स्फोटानें ठार झाले. त्यांपैकीं दोघांचें आडनांव होर्वात होतें.

रोमांचे पूर्वज सुमारें हजार वर्षांपूर्वीं आपल्या देशांतून बाहेर पडले. त्यांच्या भाषेंत नाकाला ‘नख’, केसांना ‘बाल’ आणि माणसाला ‘मनुष’ म्हणतात. मूळ हिंदी, आडनांव क्रोएटाचें, त्याचें रूप हंगेरियन, जन्म ऑस्ट्रियांतला! अशा माणसाला परत जा म्हणणाऱ्यानें त्याला नेमकें कोठें धाडावयाचें होतें? ज्या नांवानें एके काळीं निर्वासिताला शेजारीं जागा मिळाली, तें नांव धारण करणाऱ्यांना तीच जागा नाकारली गेली. होर्वात या शब्दाचा इतिहास वाचतांना हें विसरतां येत नाहीं.