मिनेसोटातील स्कँडिनेव्हियन वंशाचे राजकारणी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्याच्या राजकारणात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे आलेले नॉर्वेजियन, स्वीडिश व डॅनिश वंशांचे नेते. १८९३ मध्ये नॉर्वेत जन्मलेला क्नूट नेल्सन राज्यपाल झाला. तेव्हापासून १९९९ मध्ये आर्नी कार्लसनची कारकीर्द संपेपर्यंत या राज्याचे बहुसंख्य राज्यपाल स्कँडिनेव्हियन वंशाचे होते. मात्र या नेत्यांचा मिळून एक पक्ष किंवा एक विचार कधीच नव्हता. समान वंशामुळे त्यांचा राजकारणातील प्रवेश सुकर झाला. पुढे मात्र त्यांच्यातील अनेक निर्णायक लढती परस्परांविरुद्धच झाल्या.

पार्श्वभूमी : नॉर्वेत शेतीयोग्य जमीन फार थोडी होती, तर स्वीडनमध्ये १८६६–६८ च्या सुमारास दुष्काळ पडला. त्याच दशकात, १८६२ च्या होमस्टेड कायद्याने, अमेरिकेत वसाहत करणाऱ्या कुटुंबास १६० एकर (सु. ६५ हेक्टर) सरकारी जमीन मिळू लागली. ही जमीन रिकामी नव्हती. १८५१ च्या तहांनी डकोटा जमातीकडून मोठा प्रदेश घेण्यात आला आणि १८६२ च्या युद्धानंतर या जमातीतील बहुतेकांना राज्याबाहेर घालविण्यात आले. स्कँडिनेव्हियन शेतकऱ्यांच्या भरभराटीचा आणि पुढे त्यांच्या राजकीय बळाचा पाया या भूमीवरच घातला गेला.

हे बळ लवकर संघटित होण्यास दोन गोष्टी कारणीभूत झाल्या. नॉर्वेत १८३७ च्या कायद्याने ग्रामीण भागांसही निर्वाचित स्थानिक मंडळे मिळाली होती. त्यामुळे मतदान व सार्वजनिक कारभार यांची ओळख असलेले अनेकजण स्थलांतरितांत होते. दुसरे म्हणजे, नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशीय पुरुषांस मिनेसोटात ठराविक वास्तव्यानंतर मताधिकार मिळे. ही सवलत १८९६ मधील घटनादुरुस्तीने रद्द झाली. तोपर्यंत स्कँडिनेव्हियन मतदारांना दुर्लक्षून निवडणूक लढविणे कोणत्याच पक्षास परवडणारे राहिले नव्हते. ल्यूथरपंथीय चर्चे व मातृभाषेतील वृत्तपत्रे यांनी हा मतदार एकत्र जोडून ठेवला.

पहिली पिढी : हान्स मॅटसन (१८३२–९३) हा या पिढीचा अग्रदूत होय. स्वीडनमधून आल्यावर त्याने १८५३ मध्ये गुडह्यू परगण्यात व्हासा ही वसाहत स्थापिली, यादवी युद्धात कर्नलचे पद मिळविले आणि राज्याच्या स्थलांतर मंडळाचे काम पाहिले. १८६९ मध्ये तो राज्याचा सचिव म्हणून निवडून आला. १८८१ ते १८८३ या काळात तो कलकत्ता येथे अमेरिकेचा महावाणिज्यदूत होता.

क्नूट नेल्सन सहा वर्षांचा असताना आईबरोबर अमेरिकेत आला. यादवी युद्धात पोर्ट हडसन येथे तो जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. १८८३ ते १८८९ पर्यंत तो प्रतिनिधिगृहात, पुढे दोन वर्षे राज्यपालपदावर आणि १८९५ पासून १९२३ मध्ये निधन पावेपर्यंत सीनेटमध्ये होता. त्याच्या नावाने ओळखला जाणारा १८८९ चा नेल्सन कायदा त्याच्या राजकारणाची दुसरी बाजू दाखवितो. ओजिब्वे जमातीच्या सामायिक राखीव जमिनींचे व्यक्तिगत वाटप करून उरलेली जमीन वसाहतवाल्यांस व लाकूड-व्यापाऱ्यांस खुली करणे, असे या कायद्याचे स्वरूप होते. रेड लेकच्या ओजिब्वेंनी वाटप नाकारून आपली उर्वरित जमीन सामायिक राखली. इतरत्र मात्र जमातींच्या हातून जमिनीचा फार मोठा भाग गेला. भूमिहीनतेमुळे देश सोडलेल्या समाजाच्या प्रतिनिधीने हा कायदा केला, ही या इतिहासातील ठळक विसंगती होय.

पक्षभेद : प्रारंभी बहुतेक स्कँडिनेव्हियन मतदार रिपब्लिकन पक्षाचे होते. स्वीडनमध्ये जन्मलेल्या जॉन लिंडने (१८५४–१९३०) त्या पक्षापासून दूर होऊन डेमॉक्रॅट व पॉप्युलिस्ट यांच्या युतीतर्फे १८९८ मध्ये राज्यपालपद जिंकले. स्वीडिश मातापित्यांच्या पोटी जन्मलेला जॉन ए. जॉन्सन हा डेमॉक्रॅट १९०४, १९०६ व १९०८ अशा तीन निवडणुकांत राज्यपालपदी निवडून आला. १९०४ साली याच राज्याने अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन थिओडोर रूझवेल्टला मोठे मताधिक्य दिले होते.

पहिल्या महायुद्धात हे मतभेद विकोपास गेले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाने युद्धविरोधक, शेतकरी-संघटना व परदेशीय रहिवासी यांच्यावर कडक नजर ठेवली. आयोगाचा पदसिद्ध सदस्य असलेला राज्यपाल जे. ए. ए. बर्नक्विस्ट स्वीडिश वंशाचा होता. जॉन लिंडही प्रारंभी आयोगात होता, पण मतभेदांमुळे त्याने सदस्यत्व सोडले. १९१८ च्या रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत बर्नक्विस्टविरुद्ध उभा राहिलेला युद्धविरोधी चार्ल्स ए. लिंडबर्ग (१८५९–१९२४) स्टॉकहोममध्ये जन्मला होता. प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गचा हा पिता होय. त्याच्या सभांना अनेक ठिकाणी बंदी करण्यात आली व तो पराभूत झाला. दडपणारा आणि दडपला जाणारा, दोघेही एकाच वंशाचे होते.

लिंडबर्गमागे जमलेल्या शेतकऱ्यांच्या व कामगारांच्या असंतोषातून फार्मर-लेबर पक्ष उभा राहिला. या पक्षाचा हेन्रिक शिपस्टेड १९२२ मध्ये सीनेटवर निवडून आला. त्याच वर्षी मद्यबंदी कायद्याचा प्रवर्तक अँड्रू व्होल्स्टेड या नॉर्वेजियन वंशाच्या रिपब्लिकन नेत्यास ओले क्वाले या नॉर्वेजियन वंशाच्याच ल्यूथरपंथीय धर्मोपदेशकाने हरविले. नेल्सनच्या निधनाने रिकामी झालेली जागा १९२३ मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेल्या मॅग्नस जॉन्सनने नॉर्वेजियन वंशाच्या राज्यपाल प्रीऊसचा पराभव करून मिळविली. नॉर्वेजियन पिता व स्वीडिश माता असलेला फ्लॉइड बी. ऑल्सन (१८९१–१९३६) १९३१ मध्ये राज्यपाल झाला. महामंदीत गहाण शेते व घरे सावकारांच्या हाती जाण्यास मुदतवाढ देणारा त्याच्या कारकीर्दीतील १९३३ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये वैध ठरविला. ऑल्सनच्या मृत्यूनंतर डेन्मार्कमध्ये जन्मलेला याल्मार पीटर्सन अल्पकाळ राज्यपाल होता.

राष्ट्रीय राजकारण : १९४४ मध्ये फार्मर-लेबर व डेमॉक्रॅटिक पक्षांचे विलीनीकरण झाले. त्यात पुढाकार घेणाऱ्या ह्यूबर्ट हंफ्रीची (१९११–७८) आई नॉर्वेत जन्मली होती. त्याने १९४८ च्या पक्ष-अधिवेशनात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांचा आग्रह धरला आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा सीनेटमध्ये संमत करून घेण्यात प्रमुख भाग घेतला. तो उपाध्यक्षपदी निवडून आल्यावर त्याची सीनेटमधील जागा राज्यपाल कार्ल रोल्वागने वॉल्टर माँडेलला (१९२८–२०२१) दिली. हे दोघेही नॉर्वेजियन वंशाचे. रोल्वागने १९६२ ची निवडणूक एल्मर एल. अँडरसनविरुद्ध केवळ ९१ मतांनी जिंकली होती. माँडेल १९७७ ते १९८१ पर्यंत उपाध्यक्ष होता. १९८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यास मिनेसोटा हे एकच राज्य व राजधानीचा कोलंबिया जिल्हा मिळाला. काँग्रेसवर निवडून गेलेली मिनेसोटाची पहिली स्त्री कोया क्नुट्सन (१९१२–९६) हीदेखील नॉर्वेजियन वंशाची होती. १९५८ मध्ये, तिने घरी परतावे असे तिच्या पतीच्या नावाचे पत्र प्रसिद्ध झाले व ती पराभूत झाली. तिला हरविणारा ओडिन लँगेन नॉर्वेजियन वंशाचाच होता.

मूल्यमापन : सहकारी चळवळ, कामगारहित व नागरी हक्क यांचा पुरस्कार ही स्कँडिनेव्हियन परंपरेची देणगी मानली जाते. ते अंशतः खरे असले, तरी मद्यबंदी, युद्धकालीन दडपशाही व जमातींच्या जमिनींचे विभाजन यांतही त्याच वंशाचे नेते आढळतात. त्यांच्या यशाचे स्पष्टीकरण वंशगुणांपेक्षा त्यांना मिळालेल्या संधींत शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. २०१८ मध्ये मिनीआपोलिस परिसरातून सोमालियात जन्मलेली इल्हान ओमर प्रतिनिधिगृहावर निवडून आली, तेव्हा संघटित नवागत समाजाने आपला प्रतिनिधी पाठविण्याची जुनी परंपरा पुन्हा दिसली. पण नागरिकत्वापूर्वीचा मताधिकार व विनामूल्य जमीन, ही स्कँडिनेव्हियनांना लाभलेली दोन साधने मात्र या नव्या स्थलांतरितांना उपलब्ध नव्हती.