ग्रीकच्या बाई आणि कोकरांचे मेंदू

मानसशास्त्राचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण बहुतेक सगळे लाइपझिगपासून सुरुवात करतो: व्हुंट, त्याची प्रयोगशाळा, १८७९ साल. आज आपण तिकडे जाणार नाही. आज बोलायचं आहे ते पदवीच्या वर्गाबद्दल. या विषयाची तोंडओळख विद्यार्थ्यांना करून देण्याचं काम कुणाच्या गळ्यात पडलं आणि त्या माणसानं त्याचं काय केलं, हे बघायचं आहे.

अमेरिकेत बॉस्टनजवळ वेल्सली नावाचं मुलींचं कॉलेज आहे. तिथे १८८७ मध्ये मेरी व्हिटन कॅल्किन्स या तरुण बाई ग्रीक शिकवायला लागल्या. थोड्याच वर्षांत कॉलेजला नवं मानसशास्त्र सुरू करायचं होतं, पण ते शिकलेली बाई आणायची कुठून? मग ठरलं, की कॅल्किन्सबाईंनी वर्षभर बाहेर जाऊन हा विषय शिकावा आणि परत येऊन शिकवावा. आपल्याकडेही हे ओळखीचंच आहे म्हणा. ज्यांचे तास कमी भरतात त्यांच्याकडे नवा पेपर जातो.

पण शिकायचं कुठे? हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स होते, आणि हार्वर्ड बायकांना घेत नव्हतं. वडिलांनी अर्ज केला, कॉलेजनं रदबदली केली, तेव्हा १८९० च्या ऑक्टोबरात ‘पाहुणी’ म्हणून वर्गात बसायची मुभा मिळाली. विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदणी नाहीच. जेम्स यांच्या चर्चावर्गातले बाकीचे विद्यार्थी लवकरच गळाले. उरले दोघंच, शेकोटीच्या दोन बाजूंना बसलेले जेम्स आणि कॅल्किन्सबाई. जेम्स यांचा ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा ग्रंथ त्याच वर्षी बाहेर पडला होता. प्रयोगांचं तंत्र मात्र त्यांनी क्लार्क विद्यापीठाच्या एडमंड सॅनफर्ड यांच्याकडून घेतलं.

१८९१ मध्ये त्या वेल्सलीला परतल्या आणि कॉलेजच्या मुख्य इमारतीच्या माळ्यावर प्रयोगशाळा थाटली. मुलींच्या कॉलेजातली ही पहिली मानसशास्त्राची प्रयोगशाळा मानतात. पहिल्याच वर्गात पन्नासहून अधिक मुली होत्या. त्यांना त्यांनी काय करायला लावलं? कोकरांचे मेंदू कापून बघायला लावले. मग स्पर्श, चव, दृष्टी अशा संवेदनांचे प्रयोग, एकमेकींवर केलेले. या सगळ्याचा वृत्तान्त १८९२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त छापून आला. लक्षात घ्या, नव्या शास्त्राच्या संशोधनपत्रिकेत चक्क प्राथमिक वर्ग कसा घेतला याचा लेख. त्या काळी ‘शिकवणं’ आणि ‘संशोधन’ असे दोन वेगळे कप्पे अजून पडायचे होते.

पुढे त्या पुन्हा हार्वर्डला, म्युन्स्टरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथे त्यांनी स्मरणाचे प्रयोग केले. एक रंग दाखवायचा, त्याच्याबरोबर एक आकडा, अशा जोड्यांची मालिका. नंतर नुसता रंग दाखवून आकडा विचारायचा. कुठला आकडा जास्त आठवतो? शेवटी आलेला, ठळक दिसलेला, की पुन्हापुन्हा आलेला? पुन्हापुन्हा येण्याचा परिणाम सर्वांत जास्त निघाला. १८९५ मध्ये हार्वर्डच्या अध्यापकांनी त्यांची अनौपचारिक परीक्षा घेतली, आणि त्या उत्तम उतरल्या. तरी विद्यापीठानं डॉक्टरेट दिली नाही. १९०२ मध्ये हार्वर्डशी जोडलेल्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची पदवी देऊ केली, ती त्यांनी नाकारली. अभ्यास हार्वर्डमध्ये केला, तर कागद दुसऱ्याच कॉलेजचा का, असा हा रोखठोक प्रश्न होता. आमच्या मते त्यांचं बरोबर होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या आम्हा सगळ्यांना एक अडचण दर जूनमध्ये भेटते. मुलं येतात ती ‘मी असा का आहे’ हे विचारायला, आणि आम्ही त्यांच्या हाती देतो संवेदनेचा उंबरठा आणि निरर्थक अक्षरांच्या याद्या. कॅल्किन्सबाई या पेचातून पळाल्या नाहीत. १९०१ च्या ‘अॅन इंट्रोडक्शन टू सायकॉलॉजी’ या पाठ्यपुस्तकात त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या: मन म्हणजे घटनांची मालिका, आणि मन म्हणजे त्या अनुभवणारा ‘स्व’. पुढच्या ‘अ फर्स्ट बुक इन सायकॉलॉजी’त तर ‘स्व’च मध्यभागी आला. प्रयोगवाल्यांना हे फारसं रुचलं नाही, आणि वर्तनवाद आल्यावर तर हा विचार मागेच पडला. पण बघा, स्वतःचा सिद्धांत त्यांनी नवशिक्यांच्या पुस्तकात घातला. आमच्याकडे पहिलं वर्ष तासिका तत्त्वावरच्या नव्या शिक्षकाकडे सोपवून मोकळं होण्याची रीत आहे, त्यापेक्षा हे फारच वेगळं.

१९०५ मध्ये त्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. १९१४ च्या आगीत वेल्सलीची ती इमारत जळाली. बाई मात्र १९२९ पर्यंत तिथेच शिकवत राहिल्या.

त्याच म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे नरेंद्रनाथ सेनगुप्त शिकले, आणि १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग त्यांच्या हाती आला. आपल्याकडच्या प्रात्यक्षिकांत आजही जोड्यांच्या स्मरणाचा प्रयोग असतो. जर्नलमध्ये मुलं उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष असं सगळं नीट लिहितात. पद्धत कुणाची, असं तोंडी परीक्षेत एकदा विचारून बघा.