वारसाचा खर्च आणि चांद्याचा मुलूख

मनुष्य वारल्यावर त्याच्या मिळकतीची व्यवस्था लागेपर्यंत किती खर्च होतो, ह्याचा हिशेब आपल्याकडे सहसा कोणी मांडीत नाही. तेराव्याचा खर्च घरातील वडील माणूस वहीत टिपून ठेवतो. पण पुढे पंधरा-वीस वर्षे चाललेल्या कज्ज्याचा खर्च कोणत्याच वहीत एकत्र सापडत नाही. मूलच्या बाजूच्या भातशेतीच्या व तळ्यांच्या प्रदेशापुरता तो मांडून पाहण्याचा आमचा विचार आहे.

ह्या मुलखावर इंग्रजी अंमल बसला तोच मुळी वारसाच्या एका प्रश्नातून. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे गेले होते. तिसरे रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजी पुत्रावाचून वारले. यशवंतराव अहिरराव ह्या आप्तास वारस मानावे, असे राजकुटुंबाचे म्हणणे. डलहौसीने ते ऐकले नाही, आणि १८५४ साली चांद्यासह सर्व राज्य कंपनीने खालसा केले. ही झाली राजकारणाची गोष्ट. आम्हास त्याहून बोलकी वाटते ती वाड्यातील चीजवस्तूंची कथा. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात गेले. जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन विकले. आलेल्या पैशाचा ‘भोसला फंड’ झाला व त्यातून कुटुंबाची तरतूद व्हावी असे ठरले. म्हणजे वारसांस मिळावयाचे ते त्यांचेच, आणि तेही दुसऱ्याच्या हातून. सामान हलवू लागताच वृद्ध बांकाबाईंनी वाडा पेटवून देण्याची धमकी दिली, असे के ह्या इंग्रज इतिहासकारानेच नमूद केले आहे. अहिररावांस, म्हणजे जानोजींस, देऊरची जहागीर व ‘राजाबहादूर’ हा किताब मिळण्यास १८६० साल उजाडले.

राजाची ही कथा, प्रजेचे काय? इंग्रजांबरोबर ‘प्रोबेट’ हा शब्द आपल्याकडे आला. मृत्युपत्र खरे आहे व त्यात नेमलेल्या व्यवस्थापकास मिळकत हाती घेण्याचा अधिकार आहे, असा न्यायालयाने शिक्का मारून दिलेला दाखला, एवढाच त्याचा अर्थ. १८७० च्या कोर्ट फी कायद्याने एक हजार रुपयांवरील मिळकतीच्या प्रोबेटास शेकडा २ रुपये आकार बसविला. दहा हजारांच्या इस्टेटीस २०० रुपये; त्या काळी ही रक्कम थोडी नव्हे. मयताचे कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा घालून उरलेल्या किमतीवरच आकार घेत, हे मात्र न्यायाने सांगितले पाहिजे.

परंतु मूलच्या शेतकऱ्यास हे दोनशे रुपये बहुधा भरावेच लागले नाहीत. १८७० च्या हिंदू विल्स अॅक्टाचा अंमल बंगालप्रांत आणि मुंबई व मद्रास ह्या शहरांपुरता होता. मध्यप्रांतातील हिंदूस मृत्युपत्रावर हक्क सांगण्यासाठी प्रोबेट सक्तीचे नव्हते. शिवाय मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबातील पुरुषाचा हिस्सा त्याच्यामागे राहिलेल्या सहभागीदारांकडे आपोआप जाई. मग मृत्युपत्र कशाचे आणि प्रोबेट कशाचे? मयताचे येणे वसूल करावयाचे तर वारसाचा दाखला काढावा लागे, व त्यास फी पडे, इतकेच.

येथे वाचक म्हणतील की, चांद्याचा मुलूख मोठाच भाग्यवान! आम्हासही काही काळ तसेच वाटत असे. पण खर्च टळला नव्हता, पुढे ढकलला गेला होता. १ जानेवारी १९२७ पूर्वी ह्या भागात हिंदूने तोंडी केलेले मृत्युपत्रही कायद्याने चाले. मरणाऱ्याच्या उशाशी कोण बसले होते, तो शुद्धीवर होता की नव्हता, त्याने धाकट्या भावाचे नाव घेतले की पुतण्याचे, हे सारे दहा वर्षांनी साक्षीदारांच्या तोंडून ठरवावयाचे. कागद करून दाखला घेतला असता तर जो खर्च एकदाच झाला असता, तो आता प्रत्येक तारखेस होऊ लागला. मूलहून चांदा सुमारे ३० मैल. रेल्वे नव्हती तेव्हा साक्षीदारांस गाडीत घालून नेणे, बिऱ्हाडाची व शिध्याची सोय करणे, आणि धान पेरणीस आला असता हे करणे, ह्याची किंमत कोर्ट फीच्या कोष्टकात दिसत नाही. चांद्यावर समाधान न झाल्यास नागपूरचे ज्युडिशियल कमिशनर, १९३६ पासून नागपूरचे हायकोर्ट, आणि ऐपत असल्यास १९४९ पर्यंत विलायतेतील प्रिव्ही कौन्सिल!

विधवेचा प्रश्न ह्याहून बिकट. १९३७ च्या कायद्याने तिला नवऱ्याचा हिस्सा मिळाला, पण हयातीपुरता. तिने सावकाराचे देणे भागविण्यासाठी शेत विकले, की तिच्यामागे मिळकत ज्यास मिळावयाची तो दूरचा वारस ‘गरज नसताना विकले’ म्हणून दावा लावी. मग नवऱ्याच्या आजारात किती पैसा गेला, मुलीच्या लग्नात किती, हे त्या बाईच्या मृत्यूनंतर परक्या खरेदीदाराने सिद्ध करावयाचे. हा हक्क पूर्ण व्हावयास १९५६ साल यावे लागले.

आता तळ्यांकडे वळू. मालगुजारीचे गाव सोळा आण्यांचे. वारसागणिक त्याचे आणे, पै असे तुकडे पडत गेले. शेत वाटता येते, तळ्याची पाळ वाटता येत नाही. दोन पै हिश्शाच्या मालकाने फुटलेल्या पाळीवर माती का घालावी? लंबरदार सारा भरी. दुरुस्तीसाठी मात्र तो भागीदारांच्या तोंडाकडे पाही, आणि भागीदार एकमेकांवर दावे लावून बसलेले. तळे गाळाने भरले म्हणजे खालच्या कुळाचे धान वाळे. त्या कुळाचा वारसाच्या भांडणाशी काडीइतकाही संबंध नसे. वारसाच्या खर्चातील ही बाब आम्हास सर्वांत मोठी वाटते, आणि ती भरणारा न्यायालयात कधीच पक्षकार नव्हता. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली, तळी सरकारजमा होऊन ‘माजी मालगुजारी’ झाली. आज लोक त्या नावाचा संक्षेप करून त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. मालक गेले, नाते तेवढे राहिले!

पुढे १९५३ साली मृत्यूवरच कर आला व १९८५ साली तो गेला. मुंबई शहरातील प्रोबेटाची सक्ती त्याहून दीर्घायुषी ठरली. १९२५ च्या वारसा कायद्यातील ते कलम संसदेने २०२५ च्या डिसेंबरात वगळले. मुंबईकरांस त्याचे मोठे नवल वाटले. मूलच्या तलाठ्याच्या दप्तरात त्याने काही फरक पडण्याचे कारण नव्हते. तेथे सातबाऱ्यावर आजोबा, चुलते, आत्या अशी नावे एकाखाली एक चढत आलेली आहेत, आणि त्यांतील पुष्कळ माणसे केव्हाच वारली आहेत.