एका नदीकांठचीं आठ वर्षें

दोन शेजारी राष्ट्रांमध्यें युद्ध जुंपलें म्हणजे उभय पक्षांच्या तोफा, विमानें व सैनिक मोजून लोक त्याच्या निकालाचे आडाखे बांधूं लागतात. आमच्या मतें हा हिशेब अपुरा असतो. युद्ध लांबलें कीं ज्या हेतूनें तें आरंभिलें तो हेतूच पालटतो, आणि ‘पुरे’ कोठें म्हणावयाचें हें लढणाऱ्यांसही उमगेनासें होतें. इराण व इराक यांच्यामधील १९८० ते १९८८ पर्यंतचें युद्ध या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे.

टायग्रिस व युफ्रेटीस या नद्यांच्या संगमापासून समुद्रापर्यंतचा जो प्रवाह, त्यास अरब लोक शत्त-अल्-अरब व इराणी लोक अर्वंद म्हणतात. १९३७ च्या तहानें बहुतेक ठिकाणीं इराणचा किनारा हीच सरहद्द ठरली होती. म्हणजे नदी जवळजवळ सबंध इराककडे. १९७५ सालच्या अल्जीअर्स येथील करारानें ती प्रवाहाच्या मध्यावर, नौकानयनास सोयीच्या खोल रेषेवर आली. इराणच्या शहानें कुर्द बंडखोरांची मदत थांबवावी, या मोबदल्यांत इराकनें ही सवलत दिली होती. ती त्यास सलत राहिली. १९७९ च्या क्रांतीनें इराणचें सैन्य विस्कळित झालेलें पाहून सद्दाम हुसेन यांनीं १९८० च्या सप्टेंबरांत तो करार झुगारला व २२ तारखेस स्वारी केली. मोहीम थोडक्यांत आटोपेल अशी त्यांची अटकळ होती. परंतु एकट्या खुर्रमशहरनें गल्लोगल्लीं झुंजून त्यांच्या सैन्यास महिनाभर खोळंबविलें.

२४ मे १९८२ रोजीं इराणनें तें शहर परत घेतलें. जूनमध्यें इराकनें सैन्य मागें घेऊन लढाई थांबविण्याची तयारी दाखविली. स्वदेशरक्षणाचा इराणचा हेतु येथें बव्हंशीं सिद्धीस गेला होता. पण आतां आक्रमकास शासन झालें पाहिजे, सद्दाम यांची सत्ता गेली पाहिजे, हा आग्रह प्रबळ झाला. ज्यानें घर जाळलें त्यास तसाच सोडावयाचा काय, हा प्रश्न सोपा नव्हे हें आम्ही जाणतों. तथापि जुलैमध्यें इराणी फौजा बसऱ्याच्या रोखानें सरहद्द ओलांडून गेल्या, आणि कालचा आक्रमक स्वतःच्या उंबऱ्यावर उभा राहून तितक्याच निकरानें लढूं लागला.

पुढें सहा वर्षें गेलीं. बसरा पडलें नाहीं. तेलाचीं जहाजें जळालीं, शहरांवर क्षेपणास्त्रें पडलीं, इराकनें विषारी वायूचाहि प्रयोग केला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीनें २० जुलै १९८७ रोजीं केलेला युद्धबंदीचा ठराव इराणनें एक वर्षानें मान्य केला. ही मान्यता आपणांस विषप्राशनासमान आहे, असा खोमेनी यांचा उद्गार होता. २० ऑगस्ट १९८८ रोजीं तोफा थांबल्या. पुढें १९९० च्या ऑगस्टमध्यें कुवेत गिळल्यावर सद्दाम यांस इराणची बाजू शांत हवी होती. तेव्हां त्यांनीं पत्र पाठवून १९७५ चीच सरहद्द पुन्हां कबूल केली. जिच्यापायीं लाखों माणसें मेलीं ती रेषा जेथल्या तेथें राहिली.

म्हणून कोणत्याहि लांबलेल्या युद्धाचें भविष्य वर्तविणाऱ्यास आम्ही सैन्याची संख्या विचारणार नाहीं. थांबण्याची वेळ कधीं येऊन गेली, ती कोणीं व कां दवडली, आणि तशी दुसरी वेळ येण्यापूर्वीं आणखी किती घरें उजाड व्हावयाचीं आहेत, हें विचारूं.