काकडी, परसबागेतील : कीड व रोग (नाशिक परिसर)

काकडी (कुकुमिस सॅटिव्हस) हे वेलवर्गीय पीक नाशिकच्या परसबागांत पावसाळ्याच्या तोंडाशी आणि पुन्हा उन्हाळ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत लावतात. जिल्हा द्राक्षाचा, त्यामुळे पानावर डाग दिसला की ओठांवर येतात ती द्राक्षबागेतली नावे : डाऊनी (केवडा) आणि भुरी. नावे बरोबर असली तरी रोगकारक निराळे आहेत. द्राक्षाचा केवडा प्लाझ्मोपॅरा व्हिटिकोलामुळे होतो, तर काकडीचा स्यूडोपेरोनोस्पोरा क्यूबेन्सिसमुळे. १८६८ साली क्यूबातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन झाले म्हणून हे नाव. शेजारच्या द्राक्षबागेतला केवडा काकडीवर येत नाही, आणि बागेसाठी आणलेले औषध उरले म्हणून वेलावर मारणे चूकच. विशेषतः गंधकाने कडक उन्हात काकडीची पाने करपतात.

ओळख सकाळी, दव असताना करावी. केवड्याचे पिवळे डाग शिरांच्या चौकटीत अडकून कोनदार दिसतात. पान उलटले की त्याच जागी करडी-जांभळट लव असते. द्राक्षावर मात्र डाग तेलकट व गोलसर असून खालची लव पांढरी असते. भुरी पीठ भुरभुरल्यासारखी पानाच्या वरच्या बाजूस येते, बोटाने पुसली जाते. केवड्याला ओले पान लागते, भुरीला लागत नाही. म्हणून ती कोरड्या हवेतही पसरते. दोन्हींवर पहिला उपाय एकच : वेल मांडवावर चढवावा, बुडाकडची रोगट पाने काढून टाकावीत, पाणी मुळाशी द्यावे.

पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या तर तो रोग नसून नागअळी असते. हिरव्या-पिवळ्या ठिपक्यांचे, आकसलेले पान बहुधा मोझॅक या विषाणुरोगाचे. तो मावा पसरवतो. त्यावर औषध नाही, वेल उपटावा. कोवळ्या रोपांची पाने चाळणीसारखी करणारे तांबडे भुंगेरे पहाटे सुस्त असतात; तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत.

सर्वांत जास्त नुकसान फळमाशी करते. मादी कोवळ्या फळात अंडी घालते. त्या जागी बारीक टोच पडून चिकाचा थेंब सुकलेला दिसतो, पुढे फळ वाकते आणि आतून सडते. मात्र वाकड्या काकडीवर टोच नसेल तर माशीला दोष देऊ नये. बहुतेक वेळा परागीभवन अपुरे झालेले असते. फुले सकाळी उमलतात व मधमाश्या तेव्हाच येतात, म्हणून निंबोळी अर्काची (५ टक्के) फवारणीसुद्धा संध्याकाळीच करावी. फळमाशीसाठी लावलेल्या क्यू ल्यूर या आमिषाच्या सापळ्यात फक्त नर माश्या अडकतात. तेवढ्यावर विसंबू नये. किडकी फळे रोज गोळा करावीत, उकिरड्यावर न टाकता प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत. अळी कोषात जाते ती मातीत. तेव्हा वेलाखालची माती अधूनमधून हलक्या हाताने खुरपून कोष उघडे पाडावेत.