खहर, अच्युत आणि अनंताची चिन्हे

सुरतेजवळील सचिनच्या औद्योगिक वसाहतीत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्याच खानदेशात, चाळीसगावनजीक पाटण येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला होता. इ. स. १२०७ च्या तेथील शिलालेखात ही हकीकत आहे, आणि लेखाचा उत्तरभाग चक्क मराठीत आहे. त्या ग्रंथांतील एक लेखनपद्धती धर्मचिंतनाला येऊन भिडते. तिचाच विचार आम्हांस येथे करावयाचा आहे.

भास्कराचार्यांच्या 'बीजगणितात' अव्यक्त राशीस यावत्तावत् म्हणत व केवळ 'या' हे अक्षर लिहीत. ऋणसंख्येवर टिंब देत. अपूर्णांकात अंशाखाली छेद मांडीत, मधली रेघ नसे. अशा मांडणीत तीनाखाली शून्य लिहिण्यास हाताला कोणतीच आडकाठी होत नाही. लिहिलेल्या राशीला मग नाव हवे: ख म्हणजे शून्य हा जिचा हर, ती खहर. नावापाठोपाठ गुणधर्म आले. तिच्यात काहीही मिळवा वा तिच्यातून वजा करा, ती तशीच राहते. येथे आचार्यांना अच्युत आठवतो: सृष्टी व प्रलय यांत भूतमात्रे बाहेर पडोत वा लीन होवोत, तो अविकारी.

उपमा मनोहर आहे खरी. पण पाचाखालचे शून्य आणि तीनाखालचे शून्य एकच काय? एकच म्हणावे तर तीन व पाच यांतील भेद बुडतो. निराळे म्हणावे तर अच्युत दोन होतात. चिन्ह येथे मौन धरते. 'लीलावती'त मात्र पुढील विधी शिल्लक असता शून्य हा गुणक पुसू नये, तसाच राखावा, असा दंडक आहे. एखादी संख्या शून्याने गुणली, तिच्यात तिचे अर्ध मिळविले, तिनाने गुणून शून्याने भागले असता ६३ येतात, उत्तर १४. राखलेले शून्य शेवटी शून्यानेच फिटते.

हाच प्रश्न जर्मनीत गेओर्ग कांटोर यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी निरनिराळ्या अनंतांतील लहानमोठेपणा दाखविला, आणि त्यांना निरनिराळी चिन्हेही दिली. सर्वेश्वरवादाची शंका कार्डिनल फ्रान्त्सेलिन यांस आली. १८८६ च्या सुमारास झालेल्या पत्रव्यवहारात कांटोर यांनी निर्मित अनंत आणि अनिर्मित, केवल अनंत असा भेद स्पष्ट केला, व कार्डिनलांनी तो मान्य केला. गणिताची चिन्हे पहिल्यासाठी. दुसरे, म्हणजे परमेश्वर, गणनेच्या पलीकडे. आमच्या मते भास्कराचार्यांच्या उपमेत हीच सीमारेषा आखावयाची राहिली होती.